खाणीवर जगणारे उद्योग ‘चक्रीय’ होऊ शकतात का? कोल्हापूरच्या फौंड्रीतून दिसणारं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमची शिरोलीत फौंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आहे, चुलत्यांची गावाकडे दगडखाण आणि क्रशर. मी पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करतोय. कॉलेजात चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वापरलेला माल फेकण्याऐवजी पुन्हा वापरात आणणं, रोज ऐकतो. घरी आलो की वडील म्हणतात, ‘जमिनीतनं काढायचं, वितळवायचं, विकायचं, हाच आपला धंदा.’ जमिनीतून काढण्यावरच जे उद्योग उभे आहेत ते खरोखर चक्रीय होऊ शकतात, की हे सगळं अहवालापुरतं?”

वडिलांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. खाण चक्रीय होत नाही. काढलेला बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) परत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माथ्यावर, जात नाही आणि फोडलेला काळा दगड पुन्हा अखंड होत नाही. पण किती खणायचं हे बऱ्याच अंशी खाणीच्या गिऱ्हाइकाच्या दारात ठरतं. तुमच्या फौंड्रीत पुढच्या गेटमधून किती नवी वाळू उतरते, मागच्या गेटमधून किती काळी वाळू बाहेर जाते, भट्टीत पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) पडतं की भंगार, यावरून लांबच्या कुठल्या तरी गावातली टेकडी किती वर्षं टिकणार ते ठरतं. म्हणून मी हा प्रश्न उलट्या बाजूने धरतो: खाणीचा माल घेणारा तो किती वेळा वापरतो, आणि पुन्हा वापरायला त्याला काय आडवं येतं?

माझं सगळं काम वाळूचं आणि चार्जचं, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालाचं, तेव्हा उत्तरात वाळू जास्त येईल. बॉक्साइट आणि दगड त्यामानाने थोडक्यात.

कोल्हापुरात लहान-मोठ्या मिळून ३०० च्या आसपास फौंड्र्या आहेत: शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. इथली सिलिका वाळू मोठ्या प्रमाणावर कोकणातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातून येते. तिथे ती खणतात, धुतात, चाळतात. मग तळेऱ्याहून गगनबावड्याचा घाट चढून ट्रक इकडे येतात. धुताना निघालेला गाळ तिकडच्या ओढ्या-शेतांच्या वाट्याला जातो. इथे आल्यावर ती वाळू साच्यात किंवा कोअरमध्ये (कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बसते, तिच्यात दीडेक हजार अंशांचा रस ओततात, आणि नॉकआउटला, म्हणजे कास्टिंग सोडवताना, साचा फुटला की तिचं पुढे काय करायचं हा प्रश्न उभा राहतो.

काळी वाळू, म्हणजे बेंटोनाइट (चिकटमाती), कोलडस्ट (कोळशाची पूड) आणि पाणी घातलेली मोल्डिंगची, साचे बनवायची वाळू, मुळातच फिरती असते. नॉकआउट, चाळण, थंड करणं, मिक्सर आणि परत मोल्डिंग. दर फेरीला ९० टक्क्यांहून जास्त वाळू तीच असते. त्यामुळे बरेच मालक म्हणतात, “आम्ही तर कधीपासून रिसायकल करतोय.” करताच, खरं आहे. मग मागच्या गेटमधून दर महिन्याला इतके ट्रक कशाचे जातात?

उत्तर हिशेबात आहे. सिस्टीमची टाकी, म्हणजे हॉपर, ठरावीक मापाची. तिच्यात जेवढं नवं शिरतं तेवढंच जुनं बाहेर काढावं लागतं. नवं शिरतं ते दोन वाटांनी. एक, तुम्ही मुद्दाम घातलेली नवी वाळू. दुसरी वाट कोणी मोजत नाही: कोअरची वाळू. इंजिनाचा ब्लॉक किंवा पंपाच्या केसिंगसारख्या जॉबला आत मोठे कोअर बसतात. नॉकआउटला ते फुटतात आणि सगळी कोअरची वाळू काळ्या वाळूत मिसळते. शिवाय दर फेरीला साच्याच्या तोंडाजवळचं बेंटोनाइट जळून मरतं आणि कणावर पापुद्र्यासारखं बसतं. हे मेलेलं बेंटोनाइट वाढलं की वाळू पाणी पिते, गॅस बाहेर जाऊ देत नाही, आणि कास्टिंगवर ब्लोहोल, म्हणजे गॅसची भोकं, दिसायला लागतात. मग सुपरवायझर काय करतो? जुनी काढ, नवी घाल. त्याचं चुकत नाही. महिनाअखेरीला त्याला रिजेक्शनचा जाब द्यायचा असतो, वाळूचा नाही.

आकडा डोळ्यापुढे यावा म्हणून एक काल्पनिक हिशेब. समजा महिन्याला ४०० टन कास्टिंग निघतं आणि त्यासाठी कोअर धरून २०० टन नवी वाळू येते. म्हणजे तेवढीच बाहेर जाणार, वर बेंटोनाइट-कोलडस्टची धूळ वेगळी. या २०० पैकी ७५ टक्के वाळू नव्यासारखी करून परत आणता आली, तर नवी फक्त ५० टन लागेल. वर्षाला १,८०० टन वाळू कमी खणली जाईल. घाटातून येणारे ट्रक कमी, फेकायला जाणारे ट्रकही तेवढेच कमी. खाणउद्योग चक्रीयतेकडे सरकतो तो असा, गिऱ्हाइकाच्या खरेदीच्या चोपडीतून. खाणवाल्याला ते परिषदेत कळत नाही, ऑर्डर कमी झाली की कळतं.

आता ‘नव्यासारखी करून’ हे दोन शब्द लिहायला सोपे, करायला अवघड. थोडं जवळून सांगतो.

वाळू परत मिळवायच्या मुख्य दोन रीती. पहिली यांत्रिक: कण एकमेकांवर किंवा पोलादी प्लेटवर आपटून वरचा थर खरवडायचा आणि हवेने धूळ ओढून घ्यायची. नो-बेक वाळूला, म्हणजे फ्युरान किंवा अल्किड रेझिनने (चिकटवणाऱ्या रसायनाने) न भाजता घट्ट केलेल्या वाळूला, ही बरी चालते. दुसरी औष्णिक: गॅसवरच्या भट्टीत वाळू हवेवर उकळल्यासारखी तरंगत ठेवून ६५० ते ८०० अंशांना रेझिन जाळून टाकायचं. शेल आणि कोल्डबॉक्स या रेझिनच्या रीतींनी केलेल्या कोअरला ही चांगली. काळी वाळू परत आणायची तर दोन्ही लागतात: आधी भाजणं, मग घासणं. नुसतं भाजलं तर मेलेलं बेंटोनाइट कणावर आणखी घट्ट बसतं.

सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेली, म्हणजे सीओटू वाळू, सगळ्यांत त्रासाची. तिच्यातला सोडा भाजूनही जात नाही. तो साठत गेला की वाळू उष्णतेला टिकत नाही आणि कास्टिंगला चिकटते. मर्यादित प्रमाणात ती परत घेता येते, पण तिला बाकी वाळूत मिसळली तर चांगल्या वाळूचंही मातेरं.

इथेच सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट येते, आणि तिला यंत्र लागत नाही. नॉकआउटच्या मागे वेगवेगळ्या वाळूंचे वेगळे ढीग ठेवा. बहुतेक ठिकाणी एकच ढीग असतो: काळी वाळू, कोअरचे गोळे, सीओटूचे तुकडे, स्लॅग (भट्टीतली मळी), भट्टीच्या अस्तराचा जळका रिफ्रॅक्टरी, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करतानाची) धूळ, वर चहाचे कागदी कप. त्या ढिगाला पुनर्प्राप्तीचं कुठलंही यंत्र वाचवू शकत नाही. कोअरचे गोळे न फुटता वेगळे काढता आले तर त्यांची वाळू सर्वांत स्वस्तात नव्यासारखी होते, आणि काळ्या वाळूत शिरणारी भरही थांबते. एका दगडात दोन पक्षी.

परत आणलेली वाळू चांगली की वाईट हे रंगावरून ठरवू नका. एक चाचणी कुठल्याही लॅबमध्ये होते: लॉस ऑन इग्निशन. वाळवलेली वाळू क्रुसिबलमध्ये वजन करून मफल फर्नेसमध्ये ९०० अंशांच्या वर ठेवायची, थंड झाल्यावर परत वजन. जेवढं घटलं तेवढं जळण्यासारखं तिच्यात शिल्लक होतं, आणि तेच ओतताना गॅस होऊन बाहेर पडणार. फ्युरानच्या वाळूला लोखंडाच्या कामात सर्वसाधारणपणे ३ टक्क्यांच्या आत ठेवतात. बारीक कोअरला याहून बरंच कमी लागतं. सोबत चाळणीचा आकडा बघा, म्हणजे वाळूचा बारीकपणा सांगणारा एएफएस नंबर, आणि तळाच्या पॅनमध्ये राहिलेली धूळ. घासून घासून कण बारीक होतात. धूळ वाढली की रेझिन जास्त खाते आणि जे पैसे वाळूत वाचले ते रेझिनमध्ये जातात. एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं चिवट लोखंड) करत असाल आणि फ्युरानला सल्फरवालं कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) असेल, तर वाळूतलं साठलेलं सल्फरही तपासा. ते कास्टिंगच्या पृष्ठभागावरचं गोल ग्रॅफाइट बिघडवतं.

याच्या उलट एक फायदाही आहे, आणि तो फार थोड्या मालकांना माहीत असतो. क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं. नव्या वाळूच्या कोअरला त्याने भेगा पडतात आणि कास्टिंगच्या आतून पात्यासारख्या शिरा येतात. एकदा नीट तापून, घासून कोपरे गेलेली वाळू त्यामानाने शांत वागते. त्यामुळे ‘सेकंडहँड’ म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. काही कोअरला मी ती नवीपेक्षा पसंत करतो.

आणि हो, पुनर्प्राप्तीचाही स्वतःचा कचरा असतो. डस्ट कलेक्टरच्या पिशवीत जमणारी अतिबारीक सिलिका फुफ्फुसात गेली की परत निघत नाही. सिलिकोसिसला औषध नाही. ‘पर्यावरणपूरक’ पाटी लावून उघड्यावर धूळ उडवणारं यंत्र बसवलंत, तर खाणीतल्या मजुराचा त्रास तुमच्या मजुरावर आणून ठेवला एवढंच. कलेक्टर, बंद पट्टे आणि मास्क हे खर्चाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा.

ही बारीक धूळ आणि न सुधारणारी वाळू कुठे द्यायची? सिमेंटच्या भट्टीला सिलिका लागते, लोखंडही चालतं. पण सिमेंटचे कारखाने बेळगाव-बागलकोट पट्ट्यात आहेत. फुकट मालही दीडशे किलोमीटर नेला की फुकट राहत नाही. जवळचे पर्याय म्हणजे पेव्हर ब्लॉक, काँक्रीट विटा, रस्त्याच्या खालची भर. आपल्याकडे पूर्वापार काळी वाळू जोत्यात भरायला लोक नेतातच. त्याला मी पूर्ण चक्र म्हणणार नाही: चांगली सिलिका एकदाच वापरून मातीच्या भावात घालवली. शिवाय त्यात फिनॉल किंवा जड धातू झिरपतात का, ही लीचेट चाचणी न करता कुणाच्या विहिरीशेजारी ती भरू देऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमची टाकाऊ वाळू कुठल्या नावाने आणि किती टन लिहिली आहे, ते वडिलांना विचारून एकदा वाचा. घातक कचऱ्यात मोडत असेल तर दुसऱ्याला कच्चा माल म्हणून द्यायला २०१६ च्या नियमांतल्या नियम ९ खाली परवानगी लागते.

आता भट्टीकडे येऊ. क्युपोलाच्या, म्हणजे कोकवरच्या भट्टीच्या, काळात पिग आयर्न आणि कोक हाच चार्जचा कणा होता. पिग आयर्न म्हणजे थेट लोहखनिज, गोव्याचं किंवा बेल्लारी पट्ट्याचं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेल्लारीचं खाणकाम थांबवलं, २०१२ मध्ये गोव्याचं थांबलं, आणि २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ लीज (खाणपट्टे) न्यायालयाने रद्द केल्या. इंडक्शन फर्नेसवाल्यांकडे, म्हणजे विजेच्या भट्टीवाल्यांकडे, तोवर दुसरी वाट होती: पत्र्याचं भंगार, रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड), कार्बन वाढवायला कार्ब्युरायझर आणि सिलिकॉनसाठी फेरोसिलिकॉन. कमी पिग आयर्नवर किंवा त्याच्याशिवाय चांगलं ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) काढता येतं, हे या धंद्यात आता नवं राहिलेलं नाही. कारण काय ते लक्षात घ्या: स्वस्त पडलं आणि हाताशी होतं म्हणून. पर्यावरणासाठी कोणी केलं नाही, पण खनिज वाचलंच.

रनर-रायझर भट्टीत परत टाकणं याला मात्र चक्रीयता म्हणून मिरवू नका. ते स्वतःचंच न विकलेलं लोखंड दुसऱ्यांदा वितळवणं आहे. समजा टनाला ६०० युनिट वीज लागते आणि यील्ड ६० टक्के आहे. एक टन विकण्याजोगं कास्टिंग मिळवायला १.६७ टन वितळवावं लागतं. यील्ड ६५ झालं तर १.५४ टन. फरक टनामागे ७७ युनिटच्या आसपास. महिन्याला ४०० टनांना ३० हजार युनिट. ती वीज कुठल्या तरी कोळशाच्या खाणीतून येते. मेथडिंग (साच्यात रस कसा न्यायचा याची आखणी) सुधारणारा, रायझर लहान करणारा पॅटर्नवाला हा माझ्या दृष्टीने या गावातला सगळ्यांत मोठा पर्यावरणवादी आहे, आणि त्याला ते कोणी सांगितलेलं नाही.

भंगाराची खरी अडचण मिसळीची. भंगारातला तांबं, टिन, क्रोमियम हा ऐवज वितळून जात नाही. दर फेरीला थोडा थोडा साठत जातो. भंगाराच्या गाठीत मोटरची वायर दाबलेली असते, झिंकचा पत्रा असतो. झिंकचा पांढरा धूर निघतो आणि ते भट्टीच्या अस्तरात शिरतं. टायटॅनियम, शिसं किंवा मँगनीज जास्त असलेलं भंगार एसजी आयर्नला नकोच. यार्डात उभं राहून बघा: अनुभवी माणूस चुंबक लावतो, ग्राइंडरवर ठिणगी बघतो, गाठ फोडायला लावतो, मगच गाडी आत घेतो. हल्ली हातात धरून मिश्रधातू सांगणारं एक्सआरएफ यंत्र मिळतं. मोठ्या फौंड्रीत ते दिसतं, लहानांनी तिघा-चौघांत मिळून घ्यायला हरकत नाही. मशीन शॉपमधलं सीआय बोरिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा चुरा, तेल निथळून दाबून वड्या केल्या की भट्टीत चांगलं उतरतं. तसंच सुटं टाकलं तर बरंचसं जळून स्लॅगवर तरंगतं. पण ग्रे आयर्न, एसजी आणि स्टीलचा चुरा एकाच ट्रॉलीत भरला की त्या वड्या कोणत्याच ग्रेडच्या राहत नाहीत. वाळूत जो धडा तोच इथे: मिसळलं की किंमत गेली.

केंद्राने २०१९ मध्ये पोलाद भंगार धोरण आणलं, २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम लागू झाले. याचा अर्थ पुढे भंगार जास्त आणि सुटं करून मिळेल. तरी एक गणित विसरू नका. भारतात माणशी पोलादाचा वापर वर्षाला १०० किलोच्या आसपास आहे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. पूल, इमारत, रेल्वेचा रूळ यांतलं लोखंड ३०-४० वर्षं अडकून पडतं. म्हणजे आज जे भंगार निघतंय ते तेव्हाच्या छोट्या वापरातलं, आणि आजची गरज कितीतरी मोठी. सगळं भंगार गोळा केलं तरी तूट राहणार, आणि ती खाणच भरणार. वडिलांचं अर्धं बरोबर म्हटलं ते यासाठी. ‘शून्य खाण’ असं लिहिलेला अहवाल दिसला तर पुढचं पान वाचायची गरज नाही.

वितळवण्याच्याही आधीचं एक चक्र आहे, आणि ते आपल्या गावात जुनं आहे. ऑइल इंजिनच्या काळात उद्यमनगरात इंजिन भंगारात जात नसे. ब्लॉकला बोअर मारून लायनर बसवत, क्रँक ग्राइंड करत, व्हाइट मेटलचं बेअरिंग पुन्हा भरत. इंजिन आणखी काही हंगाम विहिरीवर चाले. यात वीज नाममात्र, खनिज जवळपास शून्य, आणि पैसा गावातच. पुस्तकात यालाच रीमॅन्युफॅक्चरिंग म्हणून वरचं स्थान देतात. ते काम आता रोडावलंय, कारण नवा चिनी पंप दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. तुम्हाला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या. वाळूवर पुष्कळांनी लिहिलंय.

फेकणं परवडत नाही तिथे चक्र आपोआप कसं तयार होतं, हे बघायला हुपरीला जा. चांदीच्या कारखान्यातली झाडलोटीची धूळ, पॉलिशचं पाणी, जुनी फडकीसुद्धा कोणी टाकत नाही. झारेकरी ती घेऊन त्यातली चांदी काढतो. त्यासाठी कायदा लागला नाही. वाळूचा भाव चांदीचा होणार नाही हे उघड आहे, म्हणून तिथे फेकण्याचा खर्च वाढवावा लागतो. गोव्यात हेच भावाने करून दाखवलं: लोहाचं प्रमाण कमी म्हणून बाजूला टाकलेले जुने डंप २००० नंतर चीनची मागणी वाढली तसे माल म्हणून विकले गेले. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने २००९ मध्ये हेमेटाइट या लोहखनिजाची किमान मर्यादा ४५ टक्के लोहावर आणली, आणि कालचा कचरा कागदोपत्रीही खनिज ठरला.

बॉक्साइटबद्दल. राधानगरीतलं दुर्गमानवाड, चंदगडचे सडे, इथला बॉक्साइट ट्रकने बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात जातो. ढोबळ हिशेब असा: ४ ते ५ टन बॉक्साइट, त्यातून २ टन अॅल्युमिना, त्यातून १ टन अॅल्युमिनियम, आणि अॅल्युमिनाच्या टनामागे एक ते दीड टन लाल चिखल. हा चिखल कॉस्टिकचा, कातडी भाजणारा असतो. ४ ऑक्टोबर २०१० ला हंगेरीत आयका इथे त्याचा बंधारा फुटला आणि १० माणसं गेली. आता यातला काही चिखल वाळवून सिमेंट कारखान्यांना जातो. हिंदाल्को आणि अल्ट्राटेकने २०२० मध्ये वर्षाला १२ लाख टनांचा करार जाहीर केला होता. खाणउद्योगाच्या हातातलं हे खरं चक्रीय काम, आणि ते चांगलं आहे. खुद्द अॅल्युमिनियमही चांगला फिरतो: भंगारातून काढायला खनिजाच्या मानाने फक्त ५ टक्के ऊर्जा लागते.

सड्याचं मात्र तसं नाही. खाण मिटवण्याचा आराखडा, वरची माती जपून ठेवणं, खड्डा भरून झाडं लावणं हे सगळं नियमात आहे. पण जांभ्याचा सडा म्हणजे नुसती उघडी जमीन नव्हे. पावसाळ्यात त्या पातळ मातीवर दवबिंदू, सीतेची आसवं ही रोपं आणि कितीतरी अशी फुलं येतात जी दुसरीकडे येत नाहीत, आणि तोच कातळ पाणी अडवून खालच्या गावांचे झरे चालवतो. तिथे खड्डा भरून काजू किंवा सिल्व्हर ओक लावला की हिरवं दिसतं, सडा परत येत नाही. म्हणून सड्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: जिथे काढलेलं पुन्हा उभं करता येत नाही, तिथे न काढणं हाच एक उपाय, आणि भंगारातलं अॅल्युमिनियम जितकं वापरू तितका तो उपाय परवडतो. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा, म्हणजे रॉयल्टीच्या वर भरायचे ३० किंवा १० टक्के, या गावांच्या पाण्यावर खर्च होतोय का, हे ग्रामसभेने विचारायलाच हवं. समाजमंदिराला रंग देऊन झरा परत येत नाही.

राहिले चुलते. त्यांचा धंदा सगळ्यांत लवकर बदलेल असं मला वाटतं, आणि त्यांना ते कदाचित माहीतही नसेल. एके काळी क्रशरवर कच (दगडाचा बारीक चुरा) म्हणजे अडगळ होती. खडी विकायची, कचीचे डोंगर पडून. नदीची वाळू बंद होत गेली तशी हीच कच व्हीएसआय क्रशरमध्ये गोल करून, धुऊन क्रश सँड म्हणून विकायला लागली. २०२५ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं. पुढची पायरी पाडलेल्या इमारतींची. कोल्हापुरात जुने वाडे, आरसीसीच्या जुन्या इमारती रोज पडतायत आणि तो राडारोडा नदीकाठाला किंवा ओढ्यात जातोय. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने पाडकामातल्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ प्रतीपर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्क्यांपर्यंत चालवून घेतली आहे. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यात थेट जबाबदारी आहे. म्हणजे माल आहे, मानक आहे, आणि बड्या बिल्डरला कागद दाखवायची गरज आहे.

चुलत्यांकडे यातलं जवळपास सगळं आधीच आहे: जॉ क्रशर, चाळण्या, वजनकाटा, डंपर, आणि रोज येणारे तेच बिल्डर. खडी टाकून परत येणारा डंपर रिकामा येतो. तोच राडारोडा भरून आणला तर वाहतुकीचा निम्मा खर्च आधीच दिलेला असतो. नवं लागेल ते सळी ओढायला चुंबक, आणि लाकूड-प्लास्टिक-जिप्सम वेचायला पट्ट्याशेजारी दोन माणसं. जिप्समला विशेष जपा, त्यातलं सल्फेट काँक्रीट फोडतं. सुरुवात पेव्हर ब्लॉक आणि पीसीसीपासून (सळीशिवायच्या काँक्रीटपासून) करा, आरसीसीला हात नंतर. आणि रिकाम्या झालेल्या खाणीत हा राडारोडा नुसता ढकलायचा मोह होईल, तो टाळायला सांगा. जुन्या खाणीला आपल्याकडे किंमत आहे: रंकाळा मुळात दगडाची खाण होता असं सांगतात, आणि इराणी खणीत आज निम्म्या शहराचे गणपती विसर्जित होतात.

तुमच्या फौंड्रीत पहिल्या महिन्यात मी यंत्राचं कोटेशन मागवणार नाही. मागच्या गेटवर वजनकाटा लावा आणि बाहेर जाणारी प्रत्येक ट्रॉली ढिगाच्या नावाने लिहून ठेवा: काळी, कोअर, सीओटू, धूळ, स्लॅग. समोर नव्या वाळूच्या पावत्या ठेवा. टनामागे नव्या वाळूचा दर, घाटातून आणायचं भाडं आणि टाकायचं भाडं अशी बेरीज वडिलांच्या पुढ्यात मांडा. त्या बेरजेपेक्षा टनामागे गॅस, वीज, मजुरी, धुळीमुळे जास्त गेलेलं रेझिन आणि हप्ता मिळून कमी येत असेल तरच स्वतःचं यंत्र घ्या. महिन्याला शंभर टनांच्या आत वाळू असेल तर बहुधा येणार नाही. तेव्हा शेजारच्या चार-पाच फौंड्र्यांबरोबर मिळून सामाईक प्रकल्पाचं बोला. त्यात भांडण एकाच मुद्द्यावर होतं: माझी चांगली वाळू दिली आणि त्याची खराब परत मिळाली. म्हणून करारात आधी येणाऱ्या वाळूची प्रत लिहा, दर नंतर, आणि सीओटूवाल्याला त्या गटात घेऊ नका, तो मेहुणा असला तरी.